प्रश्न वाचकांचे : टाकीतले यीस्ट नेमके कोणते?

वाईनच्या यीस्टची ओळख डीएनएवरून कशी पटवतात, याविषयी आलेल्या पत्रांपैकी काहींना या अंकात उत्तरे देत आहे. एकाच आशयाची पत्रे एकत्र केली असून पत्रलेखकांची नावे गाळली आहेत.

प्रश्न : दिंडोरी तालुक्यात आमची छोटी वायनरी आहे. यंदा शेनिन ब्लांच्या रसाच्या दोन टाक्यांना आम्ही एकाच पाकिटातले आयात यीस्ट लावले. एका टाकीचे आंबवण व्यवस्थित पूर्ण झाले, दुसरीचे मध्येच रखडले. दुसऱ्या टाकीत पाकिटातले यीस्ट रुजलेच नसावे, असा आमच्या वाईनमेकरचा संशय आहे. नमुने प्रयोगशाळेत पाठवले, तर दोन्ही टाक्यांचा अहवाल ‘सॅकरोमायसिस सेरेव्हिसी’ असाच आला. म्हणजे दोन्हीकडे यीस्ट एकच होते, असे समजावे का? (दिंडोरी, जि. नाशिक)

उत्तर : तसे समजू नये. अहवाल चुकीचा नाही, पण तुम्हाला जे विचारायचे होते त्याचे ते उत्तर नव्हे. सॅकरोमायसिस सेरेव्हिसी हे प्रजातीचे नाव आहे. पाव फुगवणारे, एल प्रकारची बिअर आंबवणारे आणि वाईन करणारे यीस्ट बहुतांशी याच प्रजातीत मोडते. तुमच्या बागेत येऊन एखाद्याने ‘ही द्राक्षेच आहेत’ असे लेखी दिले, तर ते खरेच असेल. पण वेल थॉमसनचा आहे की शरद सीडलेसचा, हे त्यातून कळणार नाही. तुम्हाला हवी आहे ती प्रजातीच्या आतल्या वाणाची, म्हणजे प्रयोगशाळेच्या भाषेत ‘स्ट्रेन’ची ओळख, आणि त्यासाठीची चाचणी वेगळी असते.

प्रजाती ओळखण्यासाठी सहसा रायबोसोमच्या जनुकांलगतचा आयटीएस हा भाग पीसीआरने, म्हणजे डीएनएच्या निवडक तुकड्याच्या असंख्य प्रती काढण्याच्या तंत्राने, वाढवतात, किंवा २६-एस जनुकातील सुमारे ६०० अक्षरांचा एक तुकडा वाचतात. सॅकरोमायसिस सेरेव्हिसीमध्ये पहिल्या भागाची लांबी साधारण ८५० बेसजोड्या, म्हणजे डीएनएची तितकीच अक्षरे, भरते. हे भाग एका प्रजातीतून दुसऱ्या प्रजातीत स्पष्टपणे बदलतात, पण एकाच प्रजातीच्या दोन स्ट्रेनमध्ये जवळजवळ सारखेच असतात. टाकीत ब्रेटानोमायसिससारखे वाईन नासवणारे यीस्ट शिरले आहे का, हे पाहायचे असेल तर ही चाचणी उत्तम आहे. तुमच्या वाईनमेकरच्या संशयाचा निकाल तिच्याने लागणार नाही.

त्यासाठी ‘इंटरडेल्टा पीसीआर’ मागवावी. यीस्टच्या गुणसूत्रांत टीवाय-१ आणि टीवाय-२ नावाचे, जागा बदलू शकणारे डीएनएचे तुकडे असतात आणि त्यांच्या दोन्ही टोकांना सुमारे ३३० अक्षरांचा ‘डेल्टा’ हा क्रम असतो. पुष्कळदा मधला तुकडा गळून जातो आणि, गाव उठून गेले तरी वेशीचा दगड उरावा, तसा एकटा डेल्टा मागे राहतो. असे डेल्टा गुणसूत्रांवर कोठे कोठे आहेत आणि शेजारच्या दोन डेल्टांमध्ये किती अंतर आहे, हे स्ट्रेनगणिक बदलते. पीसीआरमध्ये जवळजवळच्या डेल्टांमधला डीएनए तेवढा वाढवला जातो आणि जेलवर, म्हणजे डीएनएचे तुकडे लांबीनुसार वेगळे करणाऱ्या थरावर, त्याचे पट्टे उमटतात. दोन नमुन्यांचे पट्टे वेगळे आले, तर स्ट्रेन वेगळे. ही पद्धत १९९३ मध्ये पुढे आली, आणि २००३ मध्ये लेग्रा व कार्स्ट या फ्रान्समधील संशोधकांनी तिचे प्रायमर, म्हणजे कोणता भाग वाढवायचा हे ठरवणारे डीएनएचे छोटे तुकडे, सुधारल्यावर पट्ट्यांची संख्या वाढून ती वायनरीच्या कामाला खऱ्या अर्थाने उपयोगी झाली. खर्च बेताचा असतो आणि निकाल एक-दोन दिवसांत हाती येऊ शकतो.

मात्र नमुना कसा घेतला यावर सगळे अवलंबून असते आणि बहुतेक चुका तेथेच होतात. एकच नमुना, त्यातून एकच वसाहत (एका पेशीपासून प्लेटवर वाढलेला यीस्टचा ठिपका) आणि तिचाच अहवाल, असे करणे म्हणजे शितावरून भाताची परीक्षा. आणि टाकीतला भात एकाच तांदळाचा असतो असे नाही. आंबवण ऐन भरात असताना टाकी ढवळून नमुना घ्यावा, तो विरळ करून प्लेटवर पसरावा आणि वेगवेगळ्या वसाहती उचलून प्रत्येकीची स्वतंत्र चाचणी करावी. २० वसाहती तपासल्या आणि सगळ्या पाकिटासारख्या निघाल्या, तरीही ९५ टक्के खात्रीने एवढेच म्हणता येते की, परके यीस्ट टाकीत असलेच तर ते १४ टक्क्यांच्या आत आहे. वसाहती ३० घेतल्या, तर हाच आकडा १० टक्क्यांच्या आसपास येतो. प्रयोगशाळेने ५ वसाहतींवरून ‘पूर्णपणे रुजले’ असा निर्वाळा दिला, तर हा हिशेब त्यांना अवश्य दाखवावा.

दुसरी अट पाकिटाची. तुम्ही वापरलेल्या त्याच पाकिटातले थोडे यीस्ट फ्रीजमध्ये राखून ठेवलेले असावे आणि त्याचा डीएनए टाकीच्या नमुन्यांबरोबर, त्याच दिवशी, त्याच जेलवर चालवावा. इंटरडेल्टाचे फिकट पट्टे डीएनएचे प्रमाण आणि यंत्राचे तापमान थोडे बदलले तरी उमटतात किंवा नाहीसे होतात. म्हणून दोन वेगळ्या महिन्यांत काढलेले जेलचे फोटो शेजारी ठेवून निष्कर्ष काढू नयेत.

आता थोडे स्पष्ट बोलतो. रखडलेल्या टाकीचे खापर परक्या यीस्टवर फोडण्याआधी इतर कारणे तपासा, कारण ती अधिक वेळा आढळतात आणि तपासायला स्वस्त असतात. कोरडे यीस्ट ३५ ते ४० अंशांच्या पाण्यात भिजवले होते का? भिजवलेले यीस्ट थंड रसात एकदम ओतले, तर दोहोंच्या तापमानात १० अंशांहून अधिक फरक होता का? रसातील यीस्टला वापरता येणारे नायट्रोजन लिटरला १५० मिलिग्रॅमच्या खाली होते का? माझ्या पाहण्यात आलेल्या एका वायनरीने स्ट्रेनच्या चाचण्यांवर बराच पैसा घातला. पाकिटातले यीस्टच टाकीत होते असे निघाले, आणि शेवटी दोष टाकीच्या शीतकरणात सापडला. ती चाचणी वाया गेली असे मात्र मी म्हणणार नाही, कारण यीस्टवरचा संशय फिटल्यावरच त्यांनी शीतकरणाकडे पाहिले.

प्रश्न : सूक्ष्मजीवशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात आम्हाला यीस्ट ओळखण्याच्या चार-पाच पद्धती एकामागून एक शिकवल्या जातात, पण एक असताना दुसरीची गरज का पडली, हे समजत नाही. आज सर्वांत विश्वासार्ह कोणती मानावी? (पुणे)

उत्तर : शुद्ध यीस्टचे युग डीएनएच्या कितीतरी आधी सुरू झाले. कोपनहेगनमधील कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल ख्रिश्चन हॅन्सन यांनी १८८३ मध्ये एकाच पेशीपासून वाढवलेले शुद्ध यीस्ट बिअरसाठी वापरात आणले आणि त्या शतकाच्या अखेरीस हेच तंत्र वाईनपर्यंत पोहोचले. तेव्हापासून जवळजवळ शंभर वर्षे यीस्टची ओळख पेशीचा आकार, बीजाणू आणि कोणती साखर आंबते यांवरून होत असे. यातून प्रजाती काहीशा कळत. स्ट्रेन वेगळे करता येत नसत.

यीस्टची अखंड गुणसूत्रे वेगळी करण्याचे तंत्र १९८४ च्या सुमारास हाती आले. विद्युत्क्षेत्राची दिशा पुन्हा पुन्हा बदलत राहिली की साध्या जेलमध्ये अडकून बसणारे मोठे डीएनएही सरकते, हे त्यामागचे मर्म. सेरेव्हिसीची १६ गुणसूत्रे असतात. सर्वांत लहान सुमारे २.३ लाख बेसजोड्यांचे, तर सर्वांत मोठे १५ लाखांच्या वर. वाईनच्या स्ट्रेनमध्ये गुणसूत्रांचे तुकडे एकमेकांत अदलाबदल झालेले असतात, त्यामुळे पट्टे स्ट्रेननुसार वेगळे दिसतात. पद्धत देखणी आहे, पण एका जेलला एक-दोन दिवस लागतात आणि वायनरीला इतका धीर नसतो.

मायटोकॉन्ड्रियाच्या, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या भागांच्या, डीएनएची पद्धत मला व्यक्तिशः फार आवडते, कारण तिच्यामागची युक्ती साधी आहे. यीस्टच्या या डीएनएत ए आणि टी ही अक्षरे भरमसाट आणि जी आणि सी फार थोडी, जेमतेम १७ टक्के असतात. केंद्रकातील डीएनएत हे प्रमाण ३८ टक्क्यांच्या आसपास आहे. एचआयएनएफ-१ सारखे डीएनए कापणारे विकर पेशीतल्या सगळ्या डीएनएवर सोडले, की केंद्रकातला डीएनए बारीक बारीक तुकडे होऊन खाली वाहून जातो आणि मायटोकॉन्ड्रियाचे मोजके मोठे तुकडे वर स्पष्ट पट्टे म्हणून उरतात. वेगळे काढण्याची खटपट नको, पीसीआरही नको. स्पेनमधील व्हॅलेन्सियाच्या आम्पारो केरोल आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये ही पद्धत वाईनसाठी सोपी करून मांडली आणि ज्या प्रयोगशाळांकडे महागडी यंत्रे नव्हती, त्यांचे काम त्यामुळे पुढे सरकले.

पट्टे वाचण्याच्या सर्व पद्धतींत एक उणीव असते : तुमचे जेल आणि माझे जेल यांची तुलना करता येत नाही. मायक्रोसॅटेलाइट या उणिवेवरचे उत्तर आहे. जीनोममध्ये, म्हणजे पेशीतल्या एकूण डीएनएत, काही ठिकाणी दोन-तीन अक्षरांचा गट सलग अनेकदा आलेला असतो आणि किती वेळा आला आहे, हे स्ट्रेननुसार बदलते. अशा काही ठिकाणांची लांबी मोजली, की स्ट्रेनची ओळख आकड्यांत मिळते आणि आकडे पुण्यातून पॅरिसला पाठवता येतात. फ्रान्समधील संशोधकांनी २००७ मध्ये अशा १२ ठिकाणांवरून ६५१ स्ट्रेन तपासले, तेव्हा वाईनचे बहुतेक स्ट्रेन एका गटात आले आणि पाव, बिअर, तांदळाचे मद्य, ताडी यांचे स्ट्रेन निरनिराळे उभे राहिले.

संपूर्ण जीनोमचे वाचन अर्थातच सर्वांत खोल जाते. सेरेव्हिसी हा केंद्रक असलेल्या सजीवांपैकी पहिला, ज्याचा पूर्ण जीनोम वाचून झाला. ते वर्ष १९९६. सुमारे १ कोटी २० लाख अक्षरे आणि जवळपास ६,००० जनुके वाचण्यासाठी तेव्हा अनेक देशांतील शेकडो शास्त्रज्ञ राबले होते. २०१८ मध्ये एकाच शोधनिबंधात १,०११ स्ट्रेनचे जीनोम मांडले गेले आणि या प्रजातीचे मूळ चीनच्या परिसरात असावे, हे त्यातून पुढे आले. तरीही ‘सर्वांत विश्वासार्ह पद्धत’ हा प्रश्न मला अपुरा वाटतो. टाकीतले यीस्ट पाकिटातलेच आहे का, एवढेच पाहायचे असेल, तर जीनोम वाचणे म्हणजे घरच्या किराण्याचे वजन सोनाराच्या काट्यावर करणे. स्वतःच्या बागेतून वेगळा केलेला स्ट्रेन नवा आहे असा दावा करायचा असेल, तर मात्र इंटरडेल्टाच्या जेलचा फोटो कोणीही पुरेसा मानणार नाही.

प्रश्न : आमच्याकडच्या एका यीस्टच्या पाकिटावर ‘सॅकरोमायसिस बायानस’ असे छापले आहे, प्रयोगशाळा मात्र ‘सेरेव्हिसी’ म्हणते. शिवाय दोन वेगळ्या कंपन्यांच्या, वेगळ्या नावांच्या पाकिटांचे पट्टे तंतोतंत सारखे आले. ही फसवणूक समजावी का? (नाशिक)

उत्तर : पहिल्या बाबतीत नाही, दुसऱ्या बाबतीत बहुधा नाही.

गॅलॅक्टोज ही साखर न आंबवणाऱ्या वाईनच्या यीस्टला पूर्वी ‘बायानस’ म्हणत. डीएनएच्या कसोटीवर अशी बरीच यीस्ट निखळ सेरेव्हिसी ठरली, पण पाकिटांवरचे जुने नाव राहून गेले. ईसी-१११८ हे जगभर विकले जाणारे, शॅम्पेनच्या परंपरेतले यीस्ट याचे ठळक उदाहरण. २००९ मध्ये त्याचा जीनोम वाचला गेला, तेव्हा ते सेरेव्हिसीच असल्याचे स्पष्ट झाले आणि एक नवलही समोर आले : त्यात परक्या यीस्टकडून आलेले डीएनएचे तीन मोठे तुकडे होते. त्यांतला एक झायगोसॅकरोमायसिस बेली या, वाईन नासवण्यासाठी कुप्रसिद्ध असलेल्या यीस्टकडचा निघाला. उलटही घडते. व्हिन-७ हे सेरेव्हिसी म्हणून विकले जाणारे यीस्ट प्रत्यक्षात सेरेव्हिसी आणि कुद्रियावझेवी या दोन प्रजातींचा संकर आहे, हे जीनोम वाचल्यावर कळले.

दोन पाकिटे सारखी निघण्याचे कारण बाजाराच्या इतिहासात आहे. चांगली चाललेली वाईन आढळली की तिच्यातून यीस्ट वेगळे काढायचे आणि नवे नाव देऊन विकायचे, असे दशकानुदशके अनेक देशांत होत आले. त्यातली बरीच यीस्ट मुळात एकाच घराण्यातली होती. ॲडलेडच्या ऑस्ट्रेलियन वाईन संशोधन संस्थेतील संशोधकांनी २०१६ मध्ये दोनशेहून अधिक स्ट्रेनचे जीनोम ताडून पाहिले, तेव्हा व्यापारी स्ट्रेनमध्ये अशी पुनरावृत्ती मोठ्या प्रमाणात आढळली आणि शॅम्पेनच्या घराण्याचा त्यात मोठा वाटा होता. आपल्या शेतकऱ्यांना हे नवे वाटू नये. तास-ए-गणेश, सोनाका, माणिक चमन ही नावे वेगळी, मण्यांचा आकारही वेगळा. पण मुळात सगळी थॉमसनमधूनच निवडलेली, आणि नेहमीच्या डीएनए चाचण्यांना त्यांच्यातला फरक सहजी सापडत नाही.

येथे एक सावधगिरी हवी. पट्टे वेगळे आले तर स्ट्रेन वेगळे, हे ठामपणे सांगता येते; पट्टे सारखे आले तर स्ट्रेन एकच, हे तितक्या ठामपणे सांगता येत नाही. एखाद्या जनुकातील एका अक्षराच्या फरकाने गंधकाचा वास कमी करणारा स्ट्रेन तयार होऊ शकतो आणि इंटरडेल्टाला त्याचा पत्ताही लागत नाही. जाहीर तक्रार करण्याआधी निदान मायक्रोसॅटेलाइटची चाचणी करून घ्यावी.

प्रश्न : द्राक्षाच्या मण्यांवर जो पांढरट थर असतो, तेच नैसर्गिक यीस्ट ना? आम्ही पाकीट न वापरता त्याच यीस्टवर वाईन करतो आणि ‘आमच्या मातीचे यीस्ट’ असे बाटलीवर छापू इच्छितो. डीएनए चाचणीने हे सिद्ध होईल का? (निफाड, जि. नाशिक)

उत्तर : तो थर मेणाचा असतो, यीस्टचा नव्हे, हा गैरसमज फार जुना आहे. मण्यांच्या सालीवर यीस्ट असते, पण निरोगी मण्यावर प्रामुख्याने हॅन्सेनियास्पोरा, ऑरिओबॅसिडियम अशा दुसऱ्याच मंडळींचा वावर असतो. मॉर्टिमर आणि पोल्सिनेली यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात साधारण हजार निरोगी मण्यांपैकी एकावर सेरेव्हिसी सापडले. फुटलेल्या मण्यांत मात्र चारांपैकी एकावर. फुटलेल्या मण्यावर ते येते कोठून, याचे एक उत्तर इटलीतील संशोधकांनी २०१२ मध्ये दिले : गांधीलमाश्या आपल्या पोटात ते हिवाळाभर जपतात आणि पिल्लांनाही देतात.

म्हणून ‘आपोआप’ आंबलेल्या टाकीतले यीस्ट बागेतूनच आले, असे धरून चालता येत नाही. दाबयंत्र, नळ्या, टाकीचे कोपरे आणि भिंती यांवर सेरेव्हिसी वर्षानुवर्षे घर करून राहते. तुमच्या वायनरीत पूर्वी कधी पाकिटातले यीस्ट वापरले असेल, तर आज तुमच्या मातीचे म्हणून जे कामाला लागले आहे, ते तेच जुने परदेशी पाहुणे असण्याची शक्यता चांगलीच आहे. सिद्ध करायचे असेल, तर तीन ठिकाणचे नमुने हवेत : बागेतून निर्जंतुक पिशवीत तोडून बाहेरच, निर्जंतुक भांड्यात चुरडून आंबवलेले घड, हंगामापूर्वी यंत्रांवरून पुसून घेतलेले नमुने, आणि प्रत्यक्ष टाकीतले, आंबवणाच्या सुरुवातीचे व शेवटचे. त्यांची तुलना पूर्वी वापरलेल्या प्रत्येक पाकिटाशी करावी, आणि हे किमान दोन-तीन हंगाम करावे. बागेतला आणि टाकीतला स्ट्रेन जुळला आणि पाकिटांपैकी कोणाशीच जुळला नाही, तर छापायला माझी हरकत नाही.

प्रदेशाचे यीस्ट ही कल्पना निराधार आहे असे मात्र नाही. न्यूझीलंडमध्ये २०१५ मध्ये सहा प्रदेशांतील सेरेव्हिसी घेऊन एकाच सोव्हिन्यों ब्लांच्या रसात आंबवले, तेव्हा वाईनच्या सुगंधातील रसायने प्रदेशागणिक वेगळी आढळली. आपल्याकडे ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी, जानेवारी ते मार्चमध्ये तोडणी आणि एप्रिलमध्ये खरडछाटणी, असे युरोपात न दिसणारे चक्र आहे. येथले यीस्ट तपासण्यासारखे आहे, हे मी आनंदाने म्हणेन. चांगला स्ट्रेन मिळालाच, तर तो ग्लिसरॉलमध्ये उणे ८० अंशांवर ठेवावा आणि एखाद्या मान्यताप्राप्त संग्रहालयात जमा करावा. पुण्यातच राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आहे.

प्रश्न : यीस्टची डीएनए चाचणी होते म्हणजे वाईनमधले यीस्ट जनुकीय बदल केलेले असते का? (ठाणे)

उत्तर : नाही. चाचणी डीएनए वाचते, बदलत नाही. जनुकीय बदल केलेले वाईनचे यीस्ट अस्तित्वात आहे. वाईनमधील आंबट मॅलिक आम्ल स्वतःच सौम्य करणाऱ्या एमएल-०१ या यीस्टला अमेरिकेत २००३ मध्ये वापरासाठी मान्यता मिळाली. पण अशी यीस्ट बोटांवर मोजण्याइतकी आहेत.

प्रश्न : काजूच्या बोंडांच्या रसाचे आंबवण आमच्याकडे पाकिटाविना होते. त्यातील यीस्ट ओळखण्यासाठी वाईनच्याच पद्धती चालतील का? (सत्तरी, गोवा)

उत्तर : चालतील, पण क्रम उलटा ठेवावा. इंटरडेल्टा फक्त सेरेव्हिसीवर आणि तिच्या अगदी जवळच्या नातलगांवर काम करते. दुसऱ्या प्रजातीची वसाहत असेल तर पट्टेच येणार नाहीत आणि चाचणी फसली असे वाटेल. म्हणून आधी प्लेटवरील रंगारूपाने वेगळ्या दिसणाऱ्या प्रत्येक वसाहतीची प्रजाती ठरवावी आणि जेवढ्या सेरेव्हिसी निघतील तेवढ्यांचेच स्ट्रेन पुढे तपासावेत. नमुने पहिल्या, दुसऱ्या आणि शेवटच्या दिवशी वेगवेगळे घ्यावेत, कारण पहिल्या दिवशी हजर असलेली बरीच यीस्ट अल्कोहोल वाढताच मरतात. आणि बोंडे तुडवण्याची जागा धुण्याआधी तिच्यावरूनही एक बोळा फिरवून घ्यावा.